मुठीचं माप

खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, खुरपी, कुऱ्हाड, विळी आणि माझा जुना ड्रॉइंग बोर्ड अशी सगळी हत्यारं पाटावर मांडतात. गेल्या वर्षी पूजेसाठी सुरी घासायला घेतली आणि मूठ माझ्या उजव्या हातात राहिली, पातं डाव्या हातात आलं. आई शेजारीच फुलं निवडत बसली होती. म्हणाली, "आजच सुटायचं होतं होय गं हिला!" दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवून त्यांनाच हळदकुंकू वाहिलं.

ही सुरी अण्णांनी केलेली. अण्णा म्हणजे माझे वडील. मुंबईत गिरणगावातल्या एका गिरणीत ते फिटर होते. गिरणी म्हटलं की लोकांना साचे आठवतात, त्रासण खातं आठवतं, पण ती सगळी यंत्रं चालती ठेवणारं एक मेकॅनिक खातं असे आणि अण्णा त्यात होते. मी बालवाडीत असताना, म्हणजे सत्तर सालानंतर केव्हातरी, तिसऱ्या पाळीत काम नसलेल्या एखाद्या रात्री त्यांनी ही सुरी केली असावी. गिरणीच्या दारावर तेव्हा झडती होत असे. सुरी बाहेर कशी आली हे अण्णांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. शिमग्याच्या सुट्टीला आले तेव्हा वळकटीतून निघाली, एवढंच आईला आठवतं.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. अण्णा दिवाळीपर्यंत वाट पाहत खोलीवर राहिले, मग ट्रंक आणि वळकटी घेऊन गावी आले. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी कुणी जाहीर केलं नाही, म्हणून अण्णा शेवटपर्यंत गमतीनं म्हणायचे, "मी अजून संपावरच आहे." 2004 मध्ये ते गेले आणि सुरी माझ्याकडे आली. आईला तिचं प्रेम नव्हतंच. तिचं सगळं विळीवर. सुरी अण्णांची होती. ऊस सोलायला, रताळी कापायला, भाकरीबरोबर कांदा चिरायला.

घरात या सुरीबद्दल दोन गोष्टी वर्षानुवर्षं सांगितल्या जायच्या. एक, ती 'कानशीची' आहे. लहानपणी मला वाटायचं, कानशी हे एखादं गाव असेल, सुऱ्यांसाठी प्रसिद्ध. दुसरी, तिची मूठ धोट्याच्या लाकडाची आहे. ज्या धोट्यानं मुंबईत कापड विणलं तोच आमच्या घरात कांदे चिरतो, असं माझा भाऊ पाहुण्यांना सांगत असे आणि पाहुणे सुरी हातात घेऊन बघत असत.

मी कऱ्हाडबाहेरही फारशी न पडलेली चित्रकलेची शिक्षिका. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुलं बसवण्यात तीस वर्षं गेली. रंधा, पटाशी कधी हातात धरलेली नाही. पण आमच्या आळीच्या तोंडाशी माझ्याच एका विद्यार्थ्याचं सुतारकामाचं दुकान आहे. इंटरमिजिएटला त्याला 'सी' ग्रेड मिळाली होती, आणि ती मीच कमी शिकवल्यामुळे मिळाली असं त्याचं प्रांजळ मत आहे. त्याच्याकडे सुरी घेऊन गेले.

"बाई, नवीन घ्या की. दीडशे रुपयांत स्टीलची मिळती."

"नवीन नको. मूठ बसवायची आहे, आणि मला स्वतःला बसवायची आहे."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं एक स्टूल पुढं केलं. पुढचे दोन महिने ते स्टूल माझं होतं.

पहिलं काम जुन्या मुठीच्या आत काय आहे ते बघायचं. मूठ उभी चिरलेली होती. वरून तांब्याची तार, तारेवर काळी चिकटपट्टी. ती पट्टी मीच कधीतरी गुंडाळलेली. पात्याचं मागचं निमुळतं टोक, म्हणजे जे मुठीच्या आत जातं ते, त्याला आम्ही शेपूट म्हणू लागलो. शेपटाभोवती काहीतरी तपकिरी, चिवट गुंडाळलेलं होतं. मला वाटलं गंजाचेच पापुद्रे. चिमट्यानं ओढलं तर ते लांबत गेलं, दिव्याची वात निघावी तसं. सूत होतं ते. भोक सैल झालं असणार, म्हणून अण्णांनी शेपटावर सूत गुंडाळून मूठ ठोकून बसवली होती. सगळं ओढून काढलं तर दोन हात भरलं. वरचे पदर गंजानं कडक झालेले, पण अगदी आतला एक पदर अजून पांढरा होता. पिळाचा, मिलमधलाच.

विद्यार्थी म्हणाला, "चुकलं की हो अण्णांचं. सूत पाणी ओढतंय."

खरंच होतं. प्रत्येक वेळी सुरी विसळली की मुठीच्या तोंडातून थेंबभर पाणी आत जायचं आणि सूत ते धरून ठेवायचं. शेपूट मानेशी, म्हणजे जिथं पातं संपून शेपूट सुरू होतं तिथं, निम्म्याहून जास्त खाल्लं गेलं होतं. आणखी काही वर्षं गेली असती तर तिथंच तुटलं असतं आणि मग मूठ बसवायला काही उरलंच नसतं. अण्णांच्या हातचं काम चुकलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. फिटर माणूस, मिलीमीटरच्या भाषेत बोलणारा, आणि सैल भोकात सूत कोंबून मोकळा झाला! घाई असेल. पाळी सुटायची वेळ झाली असेल. मला उगाच बरं वाटलं.

मग गंज. घरात चिंच आणि राख हे पितळेचं औषध, ते मी लोखंडाला करू गेले आणि पात्यावर डाग पाडून बसले. चिंच आंबट, ती गंज खाते तसं चांगलं लोखंडही खाते, आणि जिथं गोळा जास्त वेळ राहिला तिथं जास्त खाते. खरं तर पात्यावर वर्षानुवर्षं कांदा, कैरी, लिंबू लागून जी करडी-काळसर झाक येते ती ठेवायची असते. ती असली की तांबडा गंज चटकन धरत नाही. काढायचा असतो तो फक्त तांबडा, भुसभुशीत, बोटाला लागणारा गंज. हे कळेपर्यंत अर्ध्या पात्याची झाक गेली होती. उरलेलं काम खोबरेल तेल आणि चारशे नंबरच्या पॉलिश पेपरनं केलं, हळूहळू, एकाच दिशेनं.

तिसऱ्या दिवशी मानेजवळ, डाव्या अंगाला, पात्यावर रेघा दिसल्या. तिरक्या, जवळजवळ, आणि त्यांना छेदून जाणाऱ्या दुसऱ्या तिरक्या रेघा. मी तीस वर्षं मुलांना पेन्सिलनं छटा द्यायला शिकवलं ते याच रेघांनी: आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं. कानशीचे, म्हणजे लोखंड घासायच्या हत्याराचे, दात होते ते. सुरी करताना अण्णांनी बाकी सगळे घासून काढले असणार. एवढीशी जागा, जेमतेम करंगळीच्या नखाएवढी, राहून गेली होती किंवा ठेवली होती. आणि शेपूट तर कानशीचंच होतं. कानशीला लाकडी दांडा बसवायला मागं जे निमुळतं टोक असतं तेच, जसंच्या तसं.

कानशीचं पोलाद भारी असतं. त्यात कार्बन शेकडा एकच्या आसपास किंवा थोडा जास्त, आणि त्याला पाणी दिलेलं असतं कडक. तापवून लाल केलं की पाण्यात किंवा तेलात बुडवून एकदम थंड करायचं, याला आपल्याकडे पाणी देणं किंवा पाणी पाजणं म्हणतात. त्यानं पोलाद इतकं कठीण होतं की दुसऱ्या लोखंडाला ओरखडे काढतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. कानस फरशीवर पडली तर तुटते. म्हणून तिची सुरी करायची तर तो कडकपणा थोडा उतरवावा लागतो. पुन्हा हलकं तापवायचं, दोनशे अंशांच्या थोडं वर, पोलादावर गव्हाच्या काडीसारखा पिवळा रंग चढेपर्यंत, आणि थांबायचं. त्यापुढं गेलं की तपकिरी, मग जांभळा, मग तीनशेच्या आसपास निळा. निळा आला की सुरीची धार टिकण्याइतका कडकपणा राहत नाही.

हा निळा रंग मी आधी पाहिलेला होता, अर्थ ठाऊक नसताना. पूर्वी आळीतून सायकलवाला धारवाला यायचा. सायकल स्टँडवर चढवून पायडल मारायचा, पुढं दगडाचं चाक फिरायचं, वर डब्यातून पाण्याची धार. तो येईनासा झाल्यावर, दहा-बारा वर्षांपूर्वी, बाजारात विजेच्या चाकावर धार लावणाऱ्या एका माणसाकडे मी ही सुरी दिली. ठिणग्यांचा असा फवारा उडाला की बघायला पोरं जमली. सुरी परत आली तेव्हा टोकाकडच्या इंचभर धारेवर मोरपिशी निळी झाक होती. मला ती फार आवडली होती. रंगांची बाई ना मी. त्यानंतर त्या इंचभराला धार कधी टिकली नाही. दोन टोमॅटो कापले की बोथट. मी टोमॅटोला दोष देत राहिले.

जळलेली धार परत आणता येत नाही, ती झिजवून मागं टाकावी लागते. पातळ कडेलाच उष्णता जास्त पोचते, मागचं जाड अंग बहुधा शाबूत असतं. म्हणून टोकाकडची दोन-तीन मिलीमीटर कड झिजवायची ठरवली. विद्यार्थ्याकडे ग्राइंडर होता, पण आता त्याची भीती बसली होती. दगड पाण्यात भिजवून हातानंच घासलं. दोन दुपारी त्यात गेल्या. अशा घासण्यात एक गोष्ट कळते: एका बाजूनं पुरेसं घासलं गेलं की धारेची अतिशय बारीक कड दुसऱ्या बाजूला वळते. दिसत नाही, पण पात्याच्या अंगावरून कडेकडे बोट उतरवलं की खरखर लागते. ती पूर्ण लांबीभर लागली की बाजू बदलायची. डोळ्यापेक्षा बोटाला आधी कळतं, आणि मी तोवर सगळं डोळ्यानंच करत आले होते.

मुठीचं लाकूड काय घ्यायचं यावर दुकानात रोज एक चर्चासत्र भरे. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मत देऊन जाई. शिसव घ्या, दिसायला रुबाबदार. धावडा घ्या, कुऱ्हाडीचे दांडे त्याचेच. धामण घ्या, ती लवते पण मोडत नाही, कावडीच्या काठीला तीच लागते. एकानं तर पेरूच्या फांदीचा आग्रह धरला, आणि तो बरोबर असावा, कारण त्याच्या खुरप्याची मूठ चकाकत होती. मी त्यातलं काहीच न ऐकता घरातल्या जुन्या खिडकीच्या चौकटीचा सागवानी तुकडा घेतला. सागवान कापायला लोणी. सुंदर मूठ झाली. भोक पाडलं, शेपूट आत घालून मागून लाकडी हातोडीनं ठोकलं, आणि चौथ्या टोल्याला मूठ बुडापर्यंत उभी उकलली. सागाच्या उभ्या रेषा सरळ, त्यात निमुळतं शेपूट म्हणजे पाचरच. लाकूड फोडायला आपण पाचर वापरतो हे मला ठोकण्याआधी सुचायला हवं होतं.

विद्यार्थी काही बोलला नाही. त्यानं फक्त झाडू माझ्या हातात दिला.

त्याच सुमाराला इचलकरंजीला एका लग्नाला जायचं होतं. मनात आलं, धोट्याचंच लाकूड का घेऊ नये? इचलकरंजी हे मागांचं गाव. विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये तिथं पहिला यंत्रमाग लावला तेव्हापासूनचं. आता धोट्याविना चालणारे माग आले आहेत आणि जुने साधे माग भंगारात जाताहेत, तेव्हा धोटे मिळतीलच. लग्नाच्या जेवणावळीतून उठून, पिशवीत जुनी मूठ घेऊन, यजमानांच्या ओळखीच्या एका कारखान्यात गेले. एवढा खडखडाट की बोलणं खुणांवर. तिथल्या वयस्कर जॉबरनं एक जुना धोटा काढून दिला. हातात घेतला आणि मी गोंधळले. धोटा मधे पोकळ असतो, कांडी बसायला. दोन्ही टोकांना भरीव लाकूड असतं, पण तेही निमुळतं होत जातं आणि टोकाला लोखंडी टोपी. अण्णांच्या मुठीएवढा सलग भरीव तुकडा त्यातून निघणं शक्यच नव्हतं.

मी जुनी मूठ त्यांच्या पुढं धरली. त्यांनी ती उलटीसुलटी केली, नखानं टोकरली, वास घेतला आणि मला एका बंद मागापाशी नेलं. मागाच्या बाजूला एक उभी लाकडी काठी असते. तिचा टोला बसला की धोटा या टोकाहून त्या टोकाला जातो. मिनिटाला कितीतरी टोले ती देते, म्हणून ती चिवट लाकडाची करतात, आणि तरी ती मोडतेच. मोडलेल्या काठ्यांचा कोपऱ्यात ढीग होता. जॉबरनं त्यातली एक उचलून माझ्या मुठीशेजारी धरली. जाडी तीच. अगदी तीच.

"धोटा न्हवं ताई, धोट्याला मारणारी काठी ही."

चाळीस-पन्नास वर्षांची आमची घरगुती दंतकथा त्या खडखडाटात संपली. भावाला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "पाहुण्यांना आता कशाला सांगायचं?"

पण परतीच्या एसटीत मला त्याहून वेगळं काही टोचत होतं. ती मूठ पातळ होती. माझ्या हातात ती कधीच नीट बसली नव्हती. जरा जास्त कांदे चिरायचे असले की अंगठ्याच्या बुडाशी कळ यायची. गेल्या तीन वर्षांत तिथल्या सांध्याला संधिवातानं गाठलं आहे. डॉक्टरांनी सांगितलं, जाड मुठीच्या वस्तू वापरा. मी झाडू बदलला, पेन बदलला, पण सुरीच्या मुठीचा विचारसुद्धा केला नाही. ते अण्णांच्या हाताचं माप आहे असं मी धरून चालले होते. वीस वर्षं मी माझा हात त्या मापाला जमवून घेत होते, आणि त्यात मला एक प्रकारचा आनंदही होता. आता कळलं की ते माप अण्णांच्या हाताचं नव्हतंच. काठी जेवढी जाड तेवढी मूठ. अण्णांचा हात तर केवढा, माझे दोन्ही हात त्यात मावायचे. त्यांनाही ती मूठ टोचतच असणार. ऊस सोलताना ते मधेच थांबून पंजा झटकायचे, ते आठवलं.

कऱ्हाडला पोचेपर्यंत ठरलं: मूठ जाड करायची, माझ्या हाताला होईल अशी.

लाकूड घरचंच निघालं. 2019 च्या ऑगस्टात कृष्णा-कोयनेला पूर आला तेव्हा आमच्या बांधावरची जुनी बाभूळ आडवी झाली. आठवडाभर ती पाण्यातच होती. भावानं नंतर तिचे ओंडके करून गोठ्याच्या माळ्यावर टाकले. लाकडाला किडा लागू नये म्हणून पूर्वी ओंडके मुद्दाम तळ्यात मुरवत. आमच्याकडे ते काम पुरानं अर्धवट केलं. अर्धवटच, कारण बाहेरचं पांढरं लाकूड भुंग्यांनी चाळणीसारखं केलं होतं. आतला तांबूस गाभा मात्र शाबूत. विद्यार्थ्यानं दोन तुकडे एकमेकांवर आपटले. टाळ वाजावेत तसा आवाज आला. "वाळलंय," तो म्हणाला आणि बँडसॉवर चौकोनी ठोकळा कापून दिला. त्या एका ठोकळ्यानं बँडसॉच्या पात्याची धार गेली म्हणून नंतर आठवडाभर ऐकवलंही.

मापासाठी मला माझी विद्या आठवली. शाडूची माती ओली करून जुन्या मुठीवर थापली आणि ती हातात घट्ट धरून कांदा चिरल्याचा अभिनय केला. मग बटाटा सोलल्याचा. मग भोपळा फोडल्याचा. दर वेळी माती नव्यानं थापायची. तीन वेळा तीन वेगळे ठसे उमटले. बोटं एका जागी राहतच नाहीत. म्हणून बोटांसाठी खाचा पाडायचा मोह टाळला. बाजारातल्या खाचावाल्या मुठी मला आवडत नाहीत त्याचं कारण हेच असावं: हात कुठं ठेवायचा ते त्या आपल्याला सांगतात. तिन्ही ठशांत सारखं होतं ते एवढंच की पोटात जाडी हवी, अंगठ्याच्या बाजूला किंचित सपाटी हवी, आणि मागं बुडाशी थोडा फुगवटा हवा म्हणजे ओला हात निसटत नाही. गोल न करता लंबगोल करायची. गोल मूठ हातात फिरते. लंबगोल असली की न बघताही धार कुठल्या बाजूला आहे ते तळव्याला कळतं.

कागदावर चित्र काढून मी थेट गोलाई द्यायला गेले तेव्हा विद्यार्थ्यानं हात धरला. "बाई, आधी अठपैलू करा. मग सोळा. गोल आपोआप येतंय." चौकोनाचे चार कोपरे रंध्यानं सारखे उतरवायचे, मग झालेल्या आठ कोपऱ्यांना पुन्हा. हे तर मी मुलांना चेहरा काढताना शिकवत होते: आधी मोठे पैलू, गोलाई शेवटी. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मग? तुमच्याकडनंच शिकलो."

'सी' ग्रेडचा विषय त्यानंतर निघाला नाही.

बाभळीनं मात्र घाम काढला. रेषा पिळाच्या; एका बाजूनं रंधा गुळगुळीत जातो, वीतभर पुढं तोच रंधा ढलपे उपटतो. शेवटी जाड दातांच्या कानशीनं आणि फुटक्या काचेच्या कडेनं खरवडून आकार आणला. एक दिवस घाम पुसलेला ओला हात शेगड्यावर, म्हणजे लाकूड पकडायच्या लोखंडी शिकंज्यावर टेकला होता, आणि घरी जाऊन बघते तर तळहात निळाकाळा. बाभळीत टॅनिन भरपूर. तिच्या सालीनं कातडी कमावतात ते त्यामुळंच. ते ओलाव्यात लोखंडाला भेटलं की शाई होते. हिरडा आणि हिराकस यांची जुनी काळी शाई हाच प्रकार. लिंबू चोळल्यावर हात निघाला, पण त्याआधी मी हात धुतलेल्या पाण्यात ब्रश बुडवून एक छोटं झाड काढून बघितलं. चांगला रंग होता, थोडा जांभळ्याकडे झुकणारा.

मुठीच्या तोंडाला कडं हवंच, नाहीतर सागवानाची गत. मुसळाच्या टोकाला वसवी असते तसं. आईचा जुना पितळी स्टोव्ह माळ्यावर पडून होता. त्याच्या पंपाच्या नळीचा बोटभर तुकडा कापला. आईनं परवानगी दिली, पण "स्टोव्ह चालू होता तो" असं दोनदा म्हणाली. तो 1995 पासून चालू नव्हता.

भोक यंत्रानं तीन टप्प्यांत पाडलं: तोंडाशी रुंद, मधे कमी, शेवटी अरुंद, म्हणजे शेपटाच्या निमुळतेपणाला जवळ जाईल. शेवटची बसवणी विस्तवानं. पात्याभोवती ओलं गोणपाट गच्च गुंडाळलं, कारण उष्णता पात्याकडं सरकली की पुन्हा तोच निळा रंग. फक्त शेपूट गॅसवर तापवलं आणि लाकडात दाबलं. लाकूड चरचरलं, धूर झाला, बाहेर काढलं, पुन्हा तापवलं, पुन्हा दाबलं. तिसऱ्या खेपेला शेपटानं आपल्याच आकाराची जागा आत जाळून घेतली. स्वयंपाकघरात चार दिवस धुराचा वास होता.

हार्डवेअरच्या दुकानात दोन नळ्यांचं मिसळायचं डिंकासारखं रसायन मिळतं, ते भर आणि विसर, असं सगळ्यांनीच सांगितलं. पक्कं होतं ते, मान्य. पण एकदा धरलं की सहज सुटत नाही, बहुधा मूठ फोडावी लागते. मला सुटणारं हवं होतं. सोनाराकडून लाखेचा गोळा आणला. कोल्हापुरी साजाच्या पोकळ मण्यांत भरतात तीच लाख. वितळवून त्यात वस्त्रगाळ विटेची पूड मिसळली. नुसती लाख थंड होताना आकसते आणि तडकते. पुडीनं ती भरीव होते. तलवारीच्या मुठी आपल्याकडे याच पद्धतीनं बसवत. गरम मिश्रण भोकात ओतलं, कोमट केलेलं शेपूट आत घातलं, सरळ धरलं आणि पन्नास आकडे मोजले. बाहेर आलेली लाख पितळी कड्याशी कापून टाकली. आता पाणी आत जायला वाट नाही. फक्त कढत पाण्यात बुडवायची नाही, लाख मऊ पडते. आणि पुढं कुणाला मूठ बदलायची झालीच तर कढत पाण्यातच बुडवायची.

तेल जवसाचं, घाण्यावरचं. रंगाच्या दुकानात मिळणारं बेलतेल लवकर वाळतं, पण ते लवकर वाळावं म्हणून त्यात काय काय घालतात, स्वयंपाकाच्या वस्तूला ते नको. घाण्याचं तेल वाळायला वेळ घेतं. पातळ हात द्यायचा, अर्ध्या तासानं पुसायचा, चार-पाच दिवस थांबायचं. असे सहा हात. पुसलेल्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, पसरून वाळत घालाव्यात. हे तेल वाळताना गरम होतं आणि बोळा आपोआप पेटू शकतो. मी त्या दोरीवर टांगल्या आणि आईनं त्या जुनेर समजून पोछ्याला घेतल्या.

संक्रांतीच्या आधी सुरी तयार झाली. भोगीच्या भाजीला वांगी, गाजर, पावटा, सगळं तिनंच कापलं. अंगठा दुखला नाही असं म्हणणार नाही, उशिरा दुखला. पितळी कड्याच्या मागं, जिथं लाख जरा पातळ बसली असावी, तिथं आठवडाभरात लाकडावर निळसर काळा डाग उमटला. शाई. तिथं कुठंतरी थेंबभर पाणी जातंय. माझ्याही हातून राहिलंच काहीतरी.

आईनं सुरी बघितली ती भोगीच्याच दिवशी. चष्मा पुसून, मूठ हातात घेऊन, दोनदा वजन केल्यासारखं वरखाली केलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा हात. एक गाजर कापलं, चकत्या बघितल्या.

"बरी झालीय," ती म्हणाली. "आता विळीचं बघ. पाट हलतोय तिचा."

विळी उलटी करून बघितली. पाट आंब्याचा, खालून भेगाळलेला, आणि पात्याच्या बुडाशी पाचर म्हणून कुणीतरी घडी घालून कोंबलेलं कापड. तेही अण्णांचंच काम, आई म्हणाली.